बायकांच्या दारावर

तिकीट फाडायचे सोडून दारावरच्या जयवंता मावशीने त्या मुलीला दारातच अडवले. मुलीच्या कडेवर चार-पाच महिन्यांचे मूल होते आणि गळ्यात काळी पोत. महिन्यापूर्वी एवढ्यावर जयवंताने मानही वर न करता तिला आत सोडले असते. टॉकीजच्या बायकांच्या दारावर जयवंताची रीतच तशी होती. पोत दिसली की बाई सज्ञान. पण मागच्या तपासणीत ‘फक्त प्रौढांसाठी’ असलेल्या खेळाला दोन कोवळ्या मुली सापडल्या, आणि पुन्हा असे झाले तर घरी बसावे लागेल, असे मॅनेजर भैय्याजींनी तिला बजावले होते.

“किती वय वं तुहं?”

मुलीने शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिले.

“अठरा,” चंपत म्हणाला. “कडेवर पोरगं दिसून नाही राहिलं काय मावशी?”

“पोरगं दिसून राहिलं. तुले नाही, तिले विचारलं मी.”

“सातवीत होती तवा लग्न झालं,” मुलगी पुटपुटली. “मागच्या साली.”

“मंग नाही जमत. अठराच्या आत सोडता येत नाही.”

रांगेतली एक बाई हसली. “माय होऊन बसली, अन् पिक्चर पाहाले लहान!”

“हिले दाखवालेच आणलं होतं,” चंपत चिडून म्हणाला. “काही समजतच नाही हिले.” आणि तो पुरुषांच्या दाराने एकटाच आत गेला.

जयवंता त्या दाराकडे क्षणभर पाहत राहिली. मग तिने मूल आपल्याकडे घेतले आणि मुलीला बाकावर बसवले. देवकी तिचे नाव. मध्यंतराच्या आधीच भिंतीला डोके टेकून तिला झोप लागली होती. मध्यंतराची घंटा झाली, माणसे चहाला बाहेर आली, परत गेली. ती हलली नाही. खेळ सुटल्यावर जयवंताने तिला हलवले, तेव्हा दचकून तिने आधी पदर सारखा केला आणि मग मूल शोधले.

“रातची झोप नाही होत काय वं?”

“हे होऊ देत नाहीत.”

पुढच्या रविवारी ती दोघे पुन्हा आली. खेळ तोच होता. या वेळी चंपतने खिशातून कागद काढला. गावच्या सरपंचाचा शिक्का आणि खाली लिहिलेले : मुलीचे वय अठरा पूर्ण.

“लग्नाच्या वक्ती काढला होता. कायदा झाला ना अठराचा.”

दाराशी आलेल्या भैय्याजींनी कागद उजेडात धरून वाचला. “कागद आहे ना? मंग सोड तिले. आपली जबाबदारी संपली.”

जयवंताने तिकिटासाठी हात पुढे केला.

“पंधरा,” देवकी म्हणाली.

“येडी आहे ते,” चंपत हसला.

“मले पंधरावं चालू आहे.” हे तिने थेट भैय्याजींकडे पाहून सांगितले.

भैय्याजींनी कागदाची घडी घालून तो परत केला. “घेऊन जा गा. मले लफडं नाही पाहिजे.”

चंपतने या वेळी वाद घातला नाही. कागद खिशात ठेवला, बायकोकडे पाहिले.

“बस मंग,” तो हळूच म्हणाला. “सुटल्यावर पाहू.”

तो आत गेला. जयवंताने मूल खांद्यावर घेतले आणि बाकावर सरकून जागा केली.

“झोप थोडी. मी उठवतो तुले.”

देवकी भिंतीला टेकून बसली. आत खेळ सुरू झाला; बंद दारातून गाणे ऐकू येऊ लागले. मध्यंतरापर्यंत मूल जयवंताच्या खांद्यावर गाढ झोपले होते. देवकीचे डोळे उघडे होते, पुरुषांच्या दारावर खिळलेले.