मानेवरचे केस

पवनीच्या बाजारापासून आत एका गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत तृप्तीचं पार्लर होतं. एक खुर्ची, एक आरसा, एक घड्याळ, आणि भंडाऱ्याला तीन महिने शिकून मिळवलेलं प्रमाणपत्र चौकटीत. त्या खुर्चीत आज तिची नणंद प्रतिक्षा बसली होती. नर्सिंगची परीक्षा देऊन कालच नागपूरहून आलेली. कंगवा फिरवला की केस तुटून हातात येत होते, आणि बाईसाहेब मात्र निवांत पेरू खात होत्या.

"मशीनीनं जळले, वहिनी. केस सरळ करायची मशीन होस्टेलात रोज फिरवत होती ना मी. आता बंद केली. मले माहे कुरळेच पायजे."

हेच ती दीड वर्ष सांगत आली होती. आईला, शेजारणींना, कोंढ्याच्या मावशीला. ते ऐकून तृप्तीला दरवेळी हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटायची. कारण गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला पार्लर उघडलं तेव्हा पहिली गिऱ्हाईक प्रतिक्षाच होती, आणि तिचे केस सरळ करायचं क्रीम तृप्तीनंच लावलं होतं. डब्यावर वीस मिनिटं लिहिली होती. प्रतिक्षाचे कुरळे काही दाद देईनात, तेव्हा नव्या उत्साहात तृप्तीनं चाळीस मिनिटं ठेवलं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"कापू नोको हं," प्रतिक्षा म्हणाली. केस कमरेपर्यंत होते.

"पाहू तं दे आधी."

मशीनचा मार असेल तर तेल, वाफ आणि धीर यांच्या जोरावर थोडेफार केस वाचतात. क्रीमनं गेले असतील तर कापण्यावाचून इलाज नाही. ओळखायची रीत सोपी होती. तृप्तीनं केस पाण्यानं निथळेस्तोवर भिजवले. मशीन सगळीकडे सारखी लागत नाही. एक बट जास्त जळते, एक कमी, आणि ओल्या केसांत कुठंकुठं वळण परत दिसतं. क्रीम मात्र सगळ्या केसांना एकाच ठिकाणी धरतं.

मुळाकडचे कुरळे उसळून वर आले, आणि डोक्यावर चहूकडे सारख्याच अंतरावर थांबले. तिथून खाली केस सुतासारखे सरळ. तुटत होते तेही नेमके त्याच जागी.

तृप्तीनं तरी आशा सोडली नाही. तिनं वरचे केस बाजूला करून मानेवरचे, अगदी आतले केस पाहिले. रोज मशीन फिरवणारी पोरगीही तिथपर्यंत जात नाही. हात पोचत नाही आणि कंटाळाही येतो. तेही त्याच जागी तुटत होते. एक कुरळी बट ताणून तिनं हाताशी लावली. मुळापासून बरोबर एक वीत. महिन्याला अर्धा इंच धरला तर अठरा महिने, म्हणजे बुद्धपौर्णिमा.

"प्रतिक्षा, तुह्याजवळ मशीन होती का कधी?"

पेरू खाणं थांबलं.

"रूममेटची होती."

"खरं सांग."

"नव्हती," प्रतिक्षा आरशात न पाहता म्हणाली.

"मंग कायले सांगत फिरली?"

"पहिल्याच दिवशी नणंदेचेच केस गेले म्हटल्यावर या खुर्चीत कोण बसलं असतं? तीन महिने एसटीनं जाऊन शिकली तू."

तृप्तीला रडू फुटलं. डोळे पुसायला हातही मोकळे नव्हते, दोन्ही हातांत नणंदेचे केस होते. "चाळीस मिनिटं ठेवलं होतं मी. वीसचं होतं."

"माहीत हाय. घड्याळीकडंच पाहून राहिली होती मी. आग होत होती डोक्याची."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू लय खुश दिसत होती, वहिनी."

तृप्तीनं केस सोडले, डोळे पुसले आणि कात्री घेतली. ती म्हणाली, "कापा लागते, बाई."

"काप मंग."

कात्री चालली. कमरेपर्यंतचे केस फरशीवर पडले, आणि उरलेले कुरळे कानांभोवती गोळा झाले. प्रतिक्षानं डोकं हलवून पाहिलं आणि हसली. अगदी लहानपणच्या फोटोतल्यासारखी दिसत होती.

तेवढ्यात गल्लीतली गुड्डी दारात आली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं, केस सरळ करायचे होते. फरशीवरचा ढीग पाहून ती उंबऱ्यावरच थांबली. "मशीनीनं जळले म्हणत होते, ते हेच का?"

प्रतिक्षानं सवयीनं तोंड उघडलं. तृप्तीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मशीन नव्हती. माह्या क्रीमनं गेले. वीसच्या जागी चाळीस मिनिटं ठेवलं मी."

गुड्डीनं एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती. तिनं ढिगाकडे पाहिलं, प्रतिक्षाकडे पाहिलं. तृप्तीला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक, आणि उद्यापर्यंत गल्लीही गेली.

"आता किती ठेवता, ताई?" गुड्डीनं विचारलं.

"वीसच. आधी एका बटीवर करून पाहीन."

गुड्डीनं दुसरी चप्पल काढली. प्रतिक्षा खुर्चीतून उठली आणि घड्याळासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली.

"या खेपी मी बोलीन," ती म्हणाली.