उजव्या कडेवरचं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वृषाली शेट्येने कातळसड्यावर चौकट टाकली, आणि कडेवरचं जे जे मोजणीत सोडलं, ते ते जगातून जायला लागलं.

चौकट साधीच होती, लोखंडी सळीची, एक मीटर लांब, एक मीटर रुंद. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, जिवांची गणना अशीच होते. चौकट पाठमोरं उभं राहून, न बघता मागे फेकायची, म्हणजे आवडती जागा निवडली जात नाही. मग आतला प्रत्येक जीव मोजायचा. डाव्या आणि खालच्या कडेवर असेल तो धरायचा, उजव्या आणि वरच्या कडेवरचा सोडायचा. हे तिला पेठे सरांनी शिकवलं होतं. निवृत्तीनंतरही ते दर पावसाळ्यात सड्यावर यायचे. आजही आले होते, आणि चौकटीची उजवी कड त्यांच्या डाव्या बुटावर येऊन पडली होती.

पहिला गेला तो गेंद. उजव्या कडेवरचं ते बटणाएवढं पांढरं फूल वृषालीने सोडलं, पुढचं गवत मोजलं, मागे पाहिलं तर फूल नव्हतं. तिचा सहकारी शकील मुकादम आकडे लिहून घेत होता. चौकट पडल्याबरोबर काढलेला फोटो त्याने मोबाइलवर मोठा करून पाहिला. फोटोतही तिथे नुसता कातळ होता.

सरांनी वरच्या कडेवरचा दवबिंदू, ती चिकट किडेखाऊ वनस्पती, सोडून बघायला सांगितलं. तोही गेला. सर खूश झाले. एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणावं लागलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

मग शकीलने हळूच सुचवलं, की सरांनी पाय मागे घ्यावा.

"हिने न बघता टाकली," सर म्हणाले. "आता मी बघून पाय काढला, तर हिचं न बघणं फुकट गेलं."

वृषाली म्हणाली, चौकट उचलते, पुन्हा टाकते. सरांनी विचारलं, आजवर किती वेळा उचललीस? एकदाही नाही. एकदा ती भर पावसात शेणाच्या पोवर पडली होती, तेव्हाही वृषालीने अंधार पडेपर्यंत त्यातले किडे मोजले होते आणि सर शेजारी छत्री धरून उभे होते.

"सर, मी तुम्हाला धरणार आहे," ती म्हणाली. "आत."

"उजव्या कडेवर आहे मी."

"माहीत आहे."

"मग त्या गेंदाने काय घोडं मारलं होतं?"

सर गेले तर शकीलच्या फोटोतूनही जातील, आणि पावसातल्या त्या दिवशी ती एकटीच भिजत बसलेली असेल. वृषाली पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि मोजू लागली. मोजलेलं गवत तिने दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. शकीलला ते दिसत होतं. त्याने आकडा एकदाच लिहिला.

ऊन चढलं. सड्यावरचं पाणी आटू लागलं. अकरा वाजता मोजायचे दोनच जीव उरले, सर आणि गवताखालून निघालेली एक गोगलगाय. चालता जीव थांबल्यावरच मोजायचा आणि तोवर मोजणी बंद करायची नाही, हाही सरांचाच नियम.

गोगलगाय उजवीकडे निघाली होती. ती उन्हात थांबते, अंग आत ओढून घेते, आणि ती थांबली की मोजणी सरांवर येणार, हे तिघांनाही माहीत होतं.

"काय उरकायचंय ते उरका, मी बघत नाही," शकील कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

दुपारी बारा वाजता गोगलगाय उजव्या सळीपासून चार बोटांवर होती आणि चालत होती. पेठे सर पाय न हलवता कमरेत वाकले होते, आणि दोन्ही हातांची ओंजळ उपडी करून त्यांनी तिच्यावर सावली धरली होती.