समास कापलेली टाचणवही

मी एक टाचणवही बोलतेय. नीट बघा, इतर वह्यांपेक्षा मी दोन बोटं अरुंद आहे. जन्मापासून अशी नव्हते.

मला विकत घेतलं एका बाईंनी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. तीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात काढून त्या निवृत्त झाल्या आणि एका शाळेत परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायला निघाल्या. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, या वयात लोक गुडघे सांभाळतात, तू वर्ग सांभाळायला निघालीस!" बाई हसल्या आणि मला पिशवीत घातलं.

माझ्या पानांवर शाईने इंग्रजी धडा, आणि समासात पेन्सिलीने मराठी, फक्त स्वतःसाठी. 'इथे थांब, हसू दे त्यांना.' 'खिडकीजवळची लाजते, तिला आधी विचारू नकोस.' सुरुवातीला फळ्यापाशी त्या दर वाक्याला माझ्यात डोकावायच्या. सहा महिन्यांत मुलं त्यांच्या आधी वर्गात येऊन बसायला लागली. तो वर्ग म्हणजे बाईंचा जीव की प्राण.

शाळेच्या प्रमुखबाई बोलायला फार गोड. एकदा म्हणाल्या, "तुमची वही जरा बघायला द्या ना. पुढच्या वर्षीही हा वर्ग तुमचाच." बाईंनी भाबडेपणाने दिली. मला झेरॉक्सच्या काचेवर पालथं घातलं, पानामागून पान. तेव्हा ओरडता आलं असतं तर!

वर्ष संपताना शिक्षकांच्या खोलीत एक नवा तरुण मास्तर कागद चाळत बसला होता. बाईंनी सहज डोकावलं. कागदावर चहाच्या कपाचा गोल डाग. त्यांच्याच कपाचा, माझ्या बाराव्या पानावरचा. पेन्सिलीतला समास तेवढा उमटला नव्हता.

"हा वर्ग आता तो घेईल," प्रमुखबाई म्हणाल्या. "पालकांना तरुण चेहरा हवाय. मनाला लावून घेऊ नका. आणि हो, झेरॉक्स पुसट आलीय, वही त्याला देऊन जा."

बाई मला घेऊन निघाल्या. रिकाम्या वर्गात बसल्या, चित्रं कापायची कात्री काढली आणि माझा समास कापू लागल्या. एकेक पान. विश्वासघात केला दुसऱ्यांनी आणि कात्री चालली माझ्यावर. खरं सांगते, मला बाईंचाही राग आला.

पट्ट्यांची जुडी केसांच्या रबराने बांधून त्यांनी पर्समध्ये ठेवली. मला प्रमुखबाईंच्या टेबलावर. "घ्या," त्या म्हणाल्या, "इंग्रजी सगळं आहे यात."

आता तरुण मास्तर मला समोर धरून शब्दन् शब्द वाचतो. मुलं जांभया देतात. तो गोंधळून पान मागेपुढे करतो. बाबा रे, माझ्याकडे नको बघूस. कुठे थांबायचं, ते माझ्यात उरलेलं नाही.

बाई, कुठल्या दुसऱ्या वर्गात उभ्या असाल, तर त्या पट्ट्या नव्या वहीला चिकटवा. पण मलाही न्यायला हवं होतं तुम्ही.