महाराजांच्या हातातले नाग

"हाय! ह्याच्याबी हातात हाय!"

मुखेडच्या बाजाराचा दिवस. मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीकडे. टेबलावरच्या कॅमेऱ्याच्या डब्याखाली कुणी हात धरला, की पडद्यावर मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या, फाटे फुटलेल्या रेघा. नुसत्या डोळ्यांनी बघावं, तर हात स्वच्छ.

"करणीचे नाग हायेत हे!" दिव्यनेत्र महाराज माइकवर गरजले. "डॉक्टरला दिसतेत का? त्याला चष्म्याबिगर फाईल दिसंना!"

लोक हसले. महाराजांनी मोरपिसाने विभूती झटकली, आणि पडद्यावरचे नाग गायब! शेजारी माझ्या सासूबाई, सरजाबाई, डोळे पुसत होत्या. मी त्यांना अत्या म्हणते.

माझा जीव त्यांच्या कनवटीला खोचलेल्या गोळ्यांच्या पाकिटात अडकला होता. माझ्या सोमेशला, चार वर्षांच्या लेकराला, झटके येतात. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एक वेळही चुकवायची नाही. आणि गेल्या बाजारी महाराजांनी अत्यांना सांगितलं, "गोळ्या म्हंजे नागाला दूध. बंद करा, मग लेकरू आणा." सकाळची गोळी चुकली होती. अकरा वाजत आले होते. मांडीवरच्या सोमेशची पापणी फडफडली तरी मी त्याचं तोंड निरखत होते.

"अत्या, एक गोळी देऊ द्या. मग बसू दिवसभर."

"गप गं अंबिका. बीएस्सी केलीस म्हणून देवाला शिकवायलीस का?"

मी पडद्याकडे बघत राहिले. त्या रेघा मी आधी कुठंतरी पाहिल्या होत्या. मग आठवलं. नांदेडच्या दवाखान्यात सलाईनसाठी सोमेशची शीर सापडेना, तेव्हा जोहरा सिस्टरनी त्याच्या हातावर एक छोटं यंत्र धरलं होतं. असंच जाळं उमटलं होतं. "डोळ्याला न दिसणारा उजेड असतो, भाभी," त्या म्हणाल्या होत्या. "कातडीतून आत जातो, रक्त तो पिऊन टाकतं. म्हणून शिरा काळ्या दिसतात."

आणखी एक दिसलं. महाराज स्वतःचा हात कधीच कॅमेऱ्याखाली नेत नव्हते. विभूतीसुद्धा लांबून, मोरपिसानं.

आमचा नंबर आला. सोमेशच्या हातात नाग निघाले, अत्यांनी हंबरडा फोडला.

"महाराज, आधी तुमचा हात दाखवा," मी म्हणाले.

"आमच्या अंगाला तीन टाइम विभूती, बाई. नाग जवळ येत न्हाई."

"मग भ्यायचं कशाला?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि डब्याखाली ओढलं. पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे, आणि पट्ट्यांमधून सोमेशच्या दुप्पट जाड नाग!

"आरं, महाराजालाच करणी!" मागून कुणीतरी ओरडलं.

महाराजांचा पाय टेबलाखाली दाणकन आपटला. पडद्यावर त्यांचा आणि सोमेशचा, दोन्ही हात एकदम स्वच्छ झाले. विभूती अजून मोरपिसावरच होती.

मी टेबलावरचं भगवं कापड उचललं. खाली पायाचं बटण. डब्यात वाकून बघितलं, तर दोन कॅमेरे.

"एक साधा, दुसरा न दिसणाऱ्या उजेडाचा," मी सांगितलं. "दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की नाग. पायानं दुसरं काढलं की आशीर्वाद. अहो, शिरा आहेत ह्या! सगळ्यांना असतात!"

वाटलं, आता तरी लोक चिडतील. रांगेतले पागोटेवाले केरबा पुढं आले. "ते समदं ठीक हाय, ताई. पर माझा नंबर हाय. मला दाखवून घिऊ द्या."

डोकं भिंतीवर आपटावं वाटलं. महाराज तर "यंत्राला बाईची दृष्ट लागली" म्हणत वायरी काढायला निघाले.

"थांबा," अत्या म्हणाल्या. त्यांनी बटणावर पाय दिला आणि आपला हात डब्याखाली धरला. बराच वेळ पडद्याकडे बघितलं.

"माझ्यातबी हायेत की गं."

"असणारच, अत्या. त्यांच्यावरच तर जगतोय आपण."

त्यांनी कनवटीचं पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. "पाणी हाय का?" एवढंच म्हणाल्या. मी डॉक्टरांना फोन लावला. चुकलेली गोळी आत्ताच द्या म्हणाले. सोमेशनं तोंड वाकडं करत गिळली.

बाहेर पडताना मागं वळून बघितलं. केरबा अजून रांगेतच उभे होते.

यंत्रानं दाखवलं ते खरं होतं. त्याचा अर्थ महाराजांनी लावला होता. दिसलेलं सगळं बघा, पण अर्थ दुसऱ्याकडून उसना घेऊ नका. लेकराचं औषध तर डॉक्टरांशिवाय कुणाच्याही शब्दावर बंद करू नका. विचारायचं धाडस होत नसेल, तर फार नको, एवढंच म्हणा: महाराज, आधी तुमचा हात.