हमामखान्यातला आंधळा

सालोनिकेत आम्हा ज्यू लोकांत लग्नाआधी हमामखान्यात होणाऱ्या नवरीच्या न्हाणाला डफ वाजतो आणि तो बाईच वाजवते. आमच्याकडे हे काम माझ्या मासाल्तो मावशीचं. माझ्या लग्नाआधी तिने एकशे बारा मुलींना गाणी म्हणत न्हाणाच्या टाक्यात उतरवलं होतं. पण माझ्या होणाऱ्या सासूबाई, संबुलाबाई, म्हणाल्या, "डफ आता जुना झाला. आम्ही व्हायोलिन आणतोय."

"बायकांच्या न्हाणात बाप्या?" मावशीने विचारलं.

"आंधळा आहे हो, जन्माचा. त्याला काय दिसणार?"

"माझं दिसण्यासारखं काही उरलेलं नाही. मी पोरीचं विचारतेय."

खरा प्रश्न मावशीचाच होता. व्हायोलिन गाजलं, की पुढच्या नवरीला तिला कोण बोलावणार? दुसरं तिला काही येत नव्हतं. स्वयंपाक तर नाहीच.

न्हाणाच्या दिवशी तो व्हायोलिनवाला, अविदोर, दाराजवळच्या दगडावर डोळे मिटून बसला. वाजवायचा छान, हे कबूल करायला हवं. बायकांनी त्याच्या अंगावर साखरेचे बदाम उधळले. पण व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या. वाफेने त्या सैल पडत होत्या आणि प्रत्येक गाण्यानंतर त्याला खुंट्या पिळाव्या लागत होत्या.

मावशी कोपऱ्यात फुगून बसली होती. शेवटी "मी घरी जाते" म्हणत उठली आणि लाकडी खडावा वाजवत दाराकडे निघाली.

"मावशी, साबण!" अविदोर ओरडला.

मावशीचा पाय अधांतरी राहिला.

"कुठे रे, बाळा?"

"हा काय, तुमच्या डाव्या..." एवढं बोलून त्याने डोळे घट्ट मिटले.

पुढे कटोरे उडाले, किंचाळ्या उडाल्या, आणि जन्माचा आंधळा कुठेही न अडखळता तीन दारं ओलांडून पळाला.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. नवरी गाण्या-वाद्याविना पाण्यात उतरली तर अपशकुन. "मासाल्तोबाई, तुम्हीच वाजवा आता."

मावशीने डफावर थाप मारली. फदक! ओल्या कणकेसारखा आवाज आला. एरवी ती तो निखाऱ्यांवर शेकून घ्यायची; आज कोपऱ्यात पडून त्याचं कातडंही वाफेने लोंबलं होतं.

"बघा, तुमचाही गेलाच की!" अशा वेळीही सासूबाईंना राहवलं नाही.

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. सासूबाईंनी मिरवत आणलेलं नवं कोरं तांब्याचं घंगाळ समोरच होतं, बदामाच्या मिठाईने भरलेलं. तिने ती मिठाई सासूबाईंच्या मांडीवर ओतली, घंगाळ पालथं घातलं आणि अंगठ्या घातलेल्या बोटांनी ठोकायला सुरुवात केली. तांब्याला वाफेचं काय सोयरसुतक! घुमट दणाणला. मी सात पायऱ्या हसत उतरले आणि बुडी मारताना नाकात पाणी गेलं.

घंगाळाला सत्तावीस पोचे पडले, मी मोजले.

दोन आठवड्यांनी आबास्तादोंच्या घरून निरोप आला: "आमच्या मुलीच्या न्हाणाला मासाल्तोबाईंना पाठवा. आणि ते घंगाळही."

"घंगाळ माझं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मग उचला आणि चला," मावशी म्हणाली. "मला जड होतं ते."