हायडेलबर्गर प्लाट्झवर बिनबुटाचे

आमच्या यांना कुठलीही जागा जरा भव्य दिसली की आधी पायांतलं काढावंसं वाटतं. बँकेच्या नव्या हेड ऑफिसातही यांनी चपला दाराशी काढल्या होत्या. बर्लिनचं हायडेलबर्गर प्लाट्झ हे तर शंभर वर्षांहून जुनं, जमिनीखालचं स्टेशन.

आमच्या गौरांगनं सकाळीच बजावलं होतं. "आई, ऊर्मिलाचे बाबा तुम्हाला तिथे फलाटावर घ्यायला येतील. बाबांना सांभाळ. श्रीधरकाकांनी अजून हो म्हटलेलं नाहीये. 'आधी माणसं बघू' म्हणतात. टापटिपीचे आहेत."

म्हणजे सोयरीक आज ठरणार किंवा मोडणार. ऊर्मिला मला पहिल्या दिवसापासून पसंत होती. अडलं होतं ते तिच्या बापापाशी.

भुयारातून खाली उतरलो तर कमानीच कमानी, मधोमध जाड खांबांची रांग, वरून टांगलेले दिवे. दहा-बारा पर्यटक माना वर करून गप्प उभे, आणि एक बाई त्यांना हलक्या आवाजात काहीतरी सांगतेय. मी पर्समध्ये चष्मा शोधेपर्यंत हे हात जोडून फलाटभर फिरूनही आले. तेवढ्यात पिवळी गाडी धडधडत शिरली.

"अगं, चर्चमध्ये गाडी?"

"स्टेशन आहे हो हे! आणि तुमचे बूट?"

"जिन्याशी काढले."

"कुठल्या जिन्याशी?"

यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. जिने दोन्ही टोकांना, दोन्हीकडे कमानी सारख्याच. या जिन्याशी गेलो तर हे म्हणाले, तो असेल. त्या जिन्याशी गेलो तर म्हणाले, नाही, पहिलाच. मग एकेका खांबामागे डोकावून झालं. शेवटी मलाच विचारतात, "शोभना, घरून निघताना मी बूट घातले होते ना?"

"नाही, मोज्यांवरच आलात विमानातून."

"चेष्टा करू नकोस गं, माझं डोकं खरंच चालेना झालंय."

तेवढ्यात समोरून इस्त्रीच्या कोटातले श्रीधरराव आले. खांद्याला कापडी पिशवी.

"आल्झो," जर्मन सवयीनं बोलण्याची सुरुवात करत ते म्हणाले, "वासुदेवराव! तुम्ही माझ्याही आधी हजर. आवडलं हे." हात पुढे केला आणि नजर खाली गेली. यांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

मी मात्र पिशवीकडे पाहत होते. तिच्यातून एक टाच वर आली होती, आणि तळव्याला लक्ष्मी रोडवरच्या दुकानाचं किमतीचं लेबल. चावले तर परत करता यावेत म्हणून यांनी ते काढलंच नव्हतं.

या शहरात नको झालेली वस्तू भिंतीला नीट लावून ठेवतात, हवी असेल तो नेतो. गौरांगच्या घरातल्या दोन खुर्च्या अशाच आल्यात. भिंतीशी कोरा जोड दिसला, तो श्रीधररावांनी उचलला, यात त्यांचं काय चुकलं? पण त्यांनी मोज्यांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाले.

माझी जमाखर्चाची पानं जुळली. आमच्या बाजूला एक अंगठा, त्यांच्या बाजूला एक पिशवी.

"श्रीधरराव," मी म्हटलं, "यांनी बूट कुठे काढले तेच आठवत नाहीये. त्या पलीकडच्या खांबामागे जरा बघता? आम्ही तोवर वरचे दिवे बघतो."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग गेले. आले ते बूट हातात घेऊन, पिशवी घडी करून काखेत.

"हे बघा. खांबामागेच."

"पण तो खांब मी दोनदा पाहिला!"

"नीट पाहिला नसेल," श्रीधरराव आणि मी एकदमच म्हणालो.

हे बाकावर बसून लेस बांधू लागले.

"मग," मी हळूच विचारलं, "माणसं बघून झाली?"

"झाली, वहिनी. चांगली बघून झाली."

"साखरपुडा दिवाळीनंतर धरायचा? पुण्यात?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. पुण्यातच."

"कुणाचा साखरपुडा?" यांनी लेस सोडून वर पाहिलं. "आणि जिन्याशी काढलेले बूट खांबामागे गेले कसे?"

"चला आता, ऊर्मिलाची आई वाट बघत असेल," श्रीधरराव म्हणाले, आणि जिन्याकडे सगळ्यांत आधी तेच निघाले.