वखारीतला न हलणारा ग्रह

लाकडाच्या वखारीच्या अंगणात संध्याकाळी सातलाच झुंबड उडाली होती. मधोमध तिवईवर पितळी दुर्बीण, दुर्बिणीशेजारी वलयस्वामी आणि स्वामींच्या ओठांशेजारी माइक.

"ज्याच्या ग्रहाचं कडं घट्ट, त्याचं दुखणं घट्ट! एक डोळा मिटा, दुसरा लावा आणि मेंदूला जरा विश्रांती द्या!"

शिंप्यानं डोळा लावला आणि हंबरडा फोडला. पोस्टमास्तरांनी लावला आणि आयुष्यात प्रथमच चारचौघांत नाक पुसलं.

रांगेत आक्का होती आणि तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ, घड्याळजी. आक्काच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. पण गेल्या आठवड्यात स्वामींनी ग्रह दाखवून सांगितलं होतं, "कडं गळ्याशी आवळलंय. सुरी लागली की संपलं!" ऑपरेशन रद्द करायला आक्कानं फोन उचललाही होता. घड्याळजीनं हातापाया पडून दोन दिवस मागून घेतले होते.

काल त्यानं परसातल्या आपल्या दुर्बिणीला मोबाइल लावून तोच ग्रह टिपला. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे ग्रह मिनिटभरात नळीतून निसटतो. नळी सरकव, टिप, पुन्हा सरकव, असं दोन तास करून, शेकडो चित्रं एकावर एक बसवून हाती काय आलं? एक पिवळट ठिपका आणि त्यातून आरपार गेलेली रेघ.

"हा ग्रह? याला तर कुणी टाचणी टोचलीये," आक्का म्हणाली.

"या वर्षी कडं आपल्याकडे कडेनं वळलंय गं. ताट धारेकडून बघितलं तर रेघच दिसणार ना?"

"स्वामींचं कसं ऐसपैस दिसतं! तुझाच ग्रह कुपोषित कसा रे?"

पंचाईत इथंच होती. खरा ग्रह गबाळा, आणि स्वामींचा लग्नाच्या फोटोसारखा नटलेला.

आक्काची पाळी आली. तिनं डोळा लावला. घड्याळजी मनगटाकडे बघत राहिला.

"हलला का गं?"

"छे! जागचा ढळत नाही."

"चार मिनिटं झाली."

"तुमचा पळतो, कारण त्याला तुमचं तोंड बघवत नाही!" स्वामी माइकवरून म्हणाले. अंगण खदखदून हसलं.

घड्याळजीनं डोक्यावरची टोपी काढली आणि दुर्बिणीच्या आभाळाकडच्या तोंडावर चढवली.

"आता?"

"तस्साच. चकचकीत."

रांगेतली माणसं टोपी बघायला पुढे सरकली.

"सगळे गप्प का झालात?" आक्कानं मान वर केली. टोपी पाहिली. पुन्हा डोळा लावला. पुन्हा टोपी पाहिली.

"दिव्य किरण कापडाला जुमानत नाहीत!" स्वामी गरजले.

"मग परवा ढग आले म्हणून मला परत का पाठवलंत?" शिंपी म्हणाला. त्याचा हंबरडा एव्हाना वाळला होता.

घड्याळजीनं डोळ्याकडची नळी फिरवून काढली. आत नखाएवढी फिल्म, तिच्यामागे मिणमिणता दिवा आणि बटणाएवढा सेल. फिल्मवर कुठल्यातरी जुन्या फोटोतला ग्रह, ऐसपैस कड्यासकट.

"हात लावू नका, कोप होईल!" म्हणत स्वामी मागच्या दारानं निघाले. माइक विसरले.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," घड्याळजी लोकांना म्हणाला. "परसात या. टोपी घाला, नळी उघडा, हवं ते विचारा. जिथं उघडून बघू देत नाहीत, तिथं आधी संशय घ्या."

संशय आक्कानं मनावर घेतला. मंगळवारी तिनं सर्जनला अकरा प्रश्न विचारले. नऊंची उत्तरं त्यानं कागदावर गळ्याचं चित्र काढून दिली. उरलेल्या दोन प्रश्नांवर म्हणाला, "आजी, हे मला आत्ता माहीत नाही. गाठ तपासल्यावर सांगेन."

 आक्का भावाकडे वळली.

"याला सगळं माहीत नाही. म्हणजे हा बाबा नव्हे," ती म्हणाली आणि सहीसाठी पेन मागितलं.